हील-टो शिकतोय पण ब्रेकच फसतोय, घाटवाल्यांनो जरा सांगा

घाटखुळा:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. माझ्याकडे १.२ पेट्रोल हॅचबॅक आहे, ५ गिअर मॅन्युअल, आणि दर पंधरा दिवसांनी गावाला जाताना ताम्हिणी उतरावा लागतो. दोनेक महिन्यांपूर्वी फॉर्म्युला वनवाल्या सेन्नाचा तो जुना व्हिडिओ बघितला, जपानमधला सुझुकाचा ट्रॅक, होंडा एनएसएक्स, पायात लोफर आणि पांढरे मोजे, आणि पाय असे फिरतायत जशी पेटीवर बोटं. तेव्हापासून हील-टोचा, म्हणजे उजव्या पायाने ब्रेक धरून त्याच पायाने रेस देत खालचा गिअर टाकायचा, किडा डोक्यात वळवळतोय.

आता अडचण अशी की वळणाआधी तिसऱ्यातून दुसरा टाकताना चवडा ब्रेकवर ठेवून टाच अ‍ॅक्सिलरेटरकडे नेतो तर ती पोचतच नाही, आणि ओढून पोचवली तर ब्रेक इतका दाबला जातो की गाडी नाक खाली घालते. परवा असंच झालं, मागून आई म्हणाली कुत्रं आडवं आलं का रे? बायको काहीच बोलली नाही, ते जास्त वाईट.

माझं काय चुकतंय? आणि साध्या गाडीत याचा खरंच उपयोग आहे की नुसती हौस?

तिसरा_गिअर:
पहिली गोष्ट, आईला गाडीत बसवून घाटात शिकू नकोस रे बाबा.

दुसरी, नावावर जाऊ नकोस. हील-टो म्हणतात म्हणून टाचच लागली पाहिजे असं काही नाही. पूर्वीच्या काही रेसिंग गाड्यांत, म्हणजे मासेराती २५०एफ वगैरे, अ‍ॅक्सिलरेटर मधोमध असायचा, ती भानगडच वेगळी. आपल्या गाडीत ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर शेजारी शेजारी असतात तर चवड्याचा डावा भाग, अंगठ्याखालचा उंचवटा, तो ब्रेकच्या उजव्या कडेवर ठेवायचा आणि पायाची करंगळीकडची बाजू नुसती कलती करून अ‍ॅक्सिलरेटरला टोचा द्यायचा. घोटा पिळायचा नाही, पाय उजवीकडे लवंडायचा, बस. माझा पाय १० नंबरचा आहे त्यामुळे मला सोपं जातं, छोट्या पायाच्या लोकांना टाच थोडी फिरवावी लागते हे खरं.

आणि कशासाठी करतोय ते आधी डोक्यात पक्कं कर. तुझ्यासारख्या गाडीत ६० च्या स्पीडला तिसऱ्यात आरपीएमचा काटा साधारण २९०० ला असतो, त्याच स्पीडला दुसरा टाकला तर इंजिन ४३०० ला फिरायला पाहिजे. क्लच दाबल्यावर अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नसतो म्हणून काटा वर जायच्याऐवजी खाली येतो, मग क्लच सोडला की चाकं इंजिनला फरफटत वर ओढतात, तोच तो हिसका. हा १४०० चा फरक आपण रेस देऊन आधीच भरून काढायचा. ब्रेक चालू असताना तोच पाय रेस देणार म्हणून ही सगळी कसरत, ब्रेक नसता तर कुणीही केलं असतं.

म्हणून आधी ब्रेक न लावता शीक. रिकामा सरळ रस्ता, ५० चा स्पीड, चौथ्यातून तिसरा. काटा १८०० वरून २४०० ला न्यायचाय, म्हणजे अगदी टिचकी. क्लच दाब, गिअर पाड, टिचकी मार, क्लच सोड, सगळं एका श्वासात. शेजारच्याची मान हलली नाही तर जमलं. हे शंभरदा होईपर्यंत ब्रेकच्या नादी लागू नकोस.

रेडलाईन_राजा:
मी तर सिग्नलला पण करतो भाऊ 😄 आवाजच असा येतो ना. आणि फायदा म्हणजे गिअरबॉक्सचे सिंक्रो, म्हणजे गिअर पडताना आतले वेग जुळवणाऱ्या रिंगा, वाचतात, गिअर मलईसारखा पडतो, त्यामुळे सगळ्यांनी करावं असं माझं मत. चौथ्यातून डायरेक्ट दुसरा पण टाकतो मी, मस्त जमतं.

आण्णांचा_पोरगा:
राजाभाऊ, राग मानू नका पण सिंक्रोचं तुम्ही म्हणता तसं नाही. नुसतं हील-टो करून सिंक्रो वाचत नाहीत. क्लच दाबलेला असताना तुम्ही रेस दिली तर फक्त इंजिन फिरतं, गिअरबॉक्सच्या आतला शाफ्ट क्लचने तोडलेला असतो, त्याला इंजिनची खबरच नसते. त्याला वेगात आणायचं काम सिंक्रोलाच करावं लागतं, रेस दिली काय न दिली काय. वाचते ती क्लच प्लेट, आणि हिसका बसत नाही.

सिंक्रो वाचवायचा असेल तर डबल क्लच. आमचे आण्णा एसटीत होते, कुंभार्ली घाटात त्यांची आयुष्यभराची ड्युटी, कराड-चिपळूण. सुरुवातीच्या त्यांच्या गाड्यांना सिंक्रो हा प्रकारच नव्हता. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून रेस, परत क्लच दाबून खालचा गिअर. मध्ये न्यूट्रलला क्लच सोडतात ना, तेव्हा इंजिन त्या आतल्या शाफ्टला बरोबर घेऊन वर चढतं आणि दात जुळतात. नाही जुळले तर सगळ्या गाडीला ऐकू जाईल असा खर्रर्र आवाज, आणि मागून एखादे आजोबा हमखास, अहो ड्रायव्हरसाहेब, विकून टाका आता! आण्णा काट्याकडे बघायचे नाहीत, तो काटा चालू असेल तर ना. कानावर करायचे सगळं. मी लहानपणी बॉनेटशेजारी बसून तो आवाज ऐकायचो, रेस दिल्यावर आवाज वर जाऊन परत खाली यायला लागला की नेमक्या एका जागी त्यांचा डावा हात पुढे जायचा. आज कुठलीही गाडी चालवताना मला ती जागा ऐकू येते, शिकवलं कुणीच नव्हतं.

आणि चौथ्यातून दुसरा, तेही १०० च्या आसपास असताना कधी करू नका. वर तिसरा_गिअर यांनी आकडे दिलेत, ६० ला दुसऱ्यात ४३०० म्हणजे १०० ला ७१०० च्या वर. इंजिन जास्त फिरू नये म्हणून असतो तो रेव्ह लिमिटर फक्त इंधन तोडतो, चाकांनीच इंजिन फिरवलं तर त्याला तो काय करणार? व्हॉल्व वाकले की खिशाला किती भोक पडतं ते गॅरेजवाल्याला विचारा.

कारी_रिटर्न:
मी कोईमतूरच्या कारी मोटर स्पीडवे या रेस ट्रॅकवर ट्रेनिंग केलंय म्हणून लिहिते. घाटखुळा, तुमचा घोटा चुकत नाहीये, तुम्ही ब्रेक कमी लावताय.

ऐकायला उलटं वाटेल. रस्त्यावरच्या गाडीत ब्रेकचं पेडल अ‍ॅक्सिलरेटरपेक्षा बरंच वर असतं. ट्रॅकवर सरळ भाग संपताना आपण ब्रेक जोरात दाबतो तेव्हा ते खाली जाऊन अ‍ॅक्सिलरेटरच्या पातळीला येतं आणि पाय आपोआप दोन्हीवर पडतो. घाटात आपण हलकासा ब्रेक धरून उतरतो, पेडल वरच राहतं, मग खालच्या अ‍ॅक्सिलरेटरपर्यंत पोचायला पाय वाकडा करावा लागतो आणि त्या नादात ब्रेकवर सगळं वजन पडतं. तुमच्या आईंचं कुत्रं तिथून आलं 🙂

पहिल्या दिवशी सरांनी आम्हाला हील-टो करूच दिलं नाही. फक्त ब्रेक. एकसारखा दाब ठेवून थांबायचं, परत तेच, अर्धा दिवस, मी वैतागले होते. मग कळलं की सगळी मेख तिथेच आहे, उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटरला टिचकी मारत असताना ब्रेकवरचा दाब तसूभरही कमीजास्त व्हायला नको. तो हलत असेल तर हील-टो न केलेलं बरं, कारण ब्रेक हे खरं काम आहे आणि रेस हा वरचा मसाला.

गाडी बंद असताना प्रॅक्टिस करू नका, दोनतीनदा दाबलं की ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्युम संपून पेडल दगडासारखं होतं आणि भलताच अंदाज बसतो. गाडी चालू, न्यूट्रल, हँडब्रेक वर, मोकळ्या जागेत. ब्रेक खऱ्यासारखा दाबा आणि पाय कलता करून काटा हजारभराने वर नेऊन बघा. बूट पातळ तळाचे, जाड स्पोर्ट्स शूजमध्ये काहीच कळत नाही, आणि चपला घालून तर नकोच, पेडलखाली अडकल्या तर संपलं.

रस्त्यावर मी स्वतः हील-टो जवळजवळ करतच नाही. वळण दिसलं की आधी ब्रेक लावून स्पीड कमी, मग ब्रेक सोडून टिचकी मारून गिअर पाडायचा, मग वळण. आपल्याकडे लॅप टाइम कोण मोजतंय? घाट उतरताना तर मुळात दुसऱ्या-तिसऱ्यात इंजिनवर सोडून द्यायची गाडी, ब्रेक तापत नाहीत. फक्त इंजिन ब्रेकिंगला मागचे लाल दिवे लागत नाहीत हे लक्षात ठेवा, मागे ट्रक असेल तर ब्रेकला नुसता स्पर्श करून त्याला दाखवा.

वायरमन:
एक राहिलं. आता बहुतेक गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटरला केबल नसते, सगळं सेन्सरवर. आणि बऱ्याच गाड्यांत ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबले तर कंप्युटर अ‍ॅक्सिलरेटरचं ऐकत नाही, मुद्दाम केलेलं असतं, पेडल मॅटमध्ये अडकून गाडी सुटू नये म्हणून. माझ्या आधीच्या गाडीत असं होतं. मी तीन महिने स्वतःच्या पायाला शिव्या घातल्या आणि नंतर कळलं की गाडीच मनावर घेत नाहीये. काही गाड्या छोटी टिचकी चालवून घेतात, काही उभ्या असताना रेस घेतात पण चालताना घेत नाहीत. त्यामुळे पार्किंगमध्ये जमलं म्हणून रस्त्यावर जमेलच असं धरून चालू नका.

डिझेल_दादा:
माझ्या जुन्या डिझेल एसयूव्हीत ट्राय केलं, काहीच मजा नाही. टिचकी मारतो तर काटा जागचा हलत नाही, आणि जरा जास्त दाबला तर उशिरा येऊन भसकन वर जातो. माझंच चुकतंय का?

आण्णांचा_पोरगा:
तुमचं नाही चुकत दादा. डिझेलचं फ्लायव्हील, म्हणजे इंजिनबरोबर फिरणारं चाक, जड, वर चढायला वेळ लागतो. टिचकी नाही चालत तिथे, अंमळ धरून ठेवावं लागतं. आण्णा रेस देताना तोंडातल्या तोंडात काहीतरी मोजायचे, आम्हाला वाटायचं मारुतीस्तोत्र म्हणतायत.

घाटखुळा:
सगळ्यांचे आभार, तीन आठवड्यांनी अपडेट देतोय. ब्रेकशिवाय चौथ्यातून तिसरा आता दहात आठवेळा गुपचूप पडतो. दुसऱ्याला अजून गडबड होते, मी टिचकी वेळेवर मारतो पण क्लच सोडायला उशीर करतो, तोवर काटा परत खाली. कारी_रिटर्न ताईंनी सांगितलं तसं नुसत्या ब्रेकची प्रॅक्टिस पहाटे एमआयडीसीच्या रिकाम्या रस्त्यावर केली, वॉचमनने दोनदा येऊन विचारलं गाडी बिघडलीय का म्हणून. खरं सांगायचं तर माझा ब्रेकच किती वाईट होता ते आत्ता कळलं, शेवटी शेवटी दाब वाढवायची सवय होती, १२ वर्षं गाडी चालवतोय.

वायरमन भाऊंची टेस्ट केली, गाडी चालताना पण रेस घेते, म्हणजे दोष माझाच.

गेल्या रविवारी ताम्हिणी उतरलो, हील-टो एकदाही केलं नाही, आधी ब्रेक मग टिचकी. आई मुळशीलाच झोपली होती ती थेट घाटाखाली विळे गेल्यावर उठली. बायको म्हणाली आज पाय दुखतोय का, शांत चालवतोयस.

तिसरा_गिअर:
क्लच उशिरा सुटतोय तर टिचकी जरा मोठी मार, काटा खाली येता येता गाठ पडेल. आणि बूट कुठले घालतोस ते सांगितलंच नाहीस.

घाटखुळा:
बाटाचे शाळेचे पांढरे कॅनव्हास 😅