नाशिकरोडहून सुटलो, सुतारकाम येतं, पण काम कुठे मिळेना

रंधा_चोपडा:
मंडळी, नाशिकरोड सेंट्रल जेलात 7 वर्षं काढून उन्हाळ्यात सुटलो. बांधावरची मारामारी. केलं ते केलं. आत सुतारकाम शिकलो, सरकारी ऑफिसांची टेबलं-खुर्च्या केल्या. बाहेर आल्यावर जळगाव एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात ठेकेदाराने हेल्पर म्हणून घेतलं. नवव्या दिवशी पोलीस व्हेरिफिकेशन मागितलं. दहाव्या दिवशी गेटवरच्या रजिस्टरात माझ्या नावावर आडवी रेघ. वॉचमन बोलला काही नाही, नुसतं रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. सुतारकामाचं सर्टिफिकेट आहे, पण त्यावर सगळ्यात ठळक अक्षरं कारागृहाचीच. गावात म्हणतात, ‘सुरतला होतो म्हणून सांग.’ सांगू का?

फर्निचर_भुसावळ:
सुरत नको रे भो! आपल्याकडे घरटी एक माणूस सुरतला. ‘तिथं कुठल्या भागात, उधना का लिंबायत?’ विचारलं की तिथंच गार पडशील. माझ्याकडे ये. मी कागद बघत नाही, नव्या माणसाला बिनखिळ्याचा पाट करायला देतो. हात थांबला की रंधा आडवा ठेवतो का उभा, तेवढ्यावर निम्मं कळतं. सुरुवात रोजावर. आणि पहिले काही महिने गिऱ्हाइकाच्या घरी फिटिंगला नेणार नाही. वाईट वाटेल, पण आधीच सांगितलेलं बरं.

वकील_धुळे:
फॉर्मवर विचारलं तर लपवू नका, सरकारी नोकरीच्या तर मुळीच नाही. अवतार सिंग खटल्यात (2016) सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलंय: माहिती खरी द्या, गुन्हा किरकोळ असेल तर नोकरी देणारा तो नजरेआड करू शकतो. तुमचा किरकोळात बसेल असं वाटत नाही. दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रता काढणारं 1958 च्या परिवीक्षा कायद्याचं कलम 12 सुद्धा शिक्षेऐवजी परिवीक्षेवर, म्हणजे चांगल्या वागणुकीच्या अटीवर सोडलेल्यांसाठी, तुम्ही तर शिक्षा भोगलीत. पण जिल्हा परिवीक्षा अधिकाऱ्यांना जरूर भेटा, सुटलेल्या बंद्यांच्या मदतीचं तेच बघतात. बसतात महिला व बालविकासच्या कार्यालयात. पाटी वाचूनच पुरुष माघारी फिरतात!

रंधा_चोपडा:
वकीलसाहेब, ती पाटी वाचून मीही मागे फिरलो होतो. परत जातो.
भुसावळवाले दादा, रंधा आडवाच ठेवतो. आत संध्याकाळी हत्यारं मोजून द्यायची, एक पटाशी कमी भरली की सगळे उभे. फिटिंगचं चालेल. बुधवारी पहिल्या एसटीने निघतो. लाकूड तुमचं का मी आणू?

फर्निचर_भुसावळ:
लाकूड माझं. डबा तुझा.