वॉशिंग मशीन पाणी भरतच राहते, मग ‘पीई’ हा कोड दाखवते. पाण्याच्या पातळीचा सेन्सर बदलावा का?

मांजराकाठची (लातूर)
नमस्कार. टॉप लोड, फुल्ली ऑटोमॅटिक, साडेसहा किलोची मशीन आहे, सहा वर्षं झाली. पातळी मधली ठेवली तरी पाणी थांबत नाही, काठापर्यंत येतं आणि ‘पीई’ दाखवून शिट्टी मारत बसते. कधी नेमकं उलटं, दोन बादल्यांतच धुवायला सुरुवात. नळाला मांजरा नदीचं पाणी येतं, पण वापर बहुतेक बोअरचाच. मेकॅनिकनं न उघडताच सेन्सर गेला, कार्डही (मशीन चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) बदलावं लागेल असं सांगितलं. घरी काय तपासता येईल? मल्टिमीटर आहे.

पान्हा-पक्कड (बीड)
ताई, कार्डाचे पैसे आत्ताच देऊ नका. कधी जास्त, कधी कमी असं होतंय ना, तिथं आधी नळीवर संशय घ्यायचा.

सेन्सर पाण्यात नसतोच, वर पॅनलखाली असतो. टबाच्या तळाशी बाजूला हवेची छोटी कोठी असते, तिथून बोटाहून बारीक नळी वर सेन्सरला जाते. पाणी चढलं की कोठीतली हवा दाबली जाते आणि तो दाब सेन्सर मोजतो. नळीला बारीक भोक असलं तर हवा निसटते, मशीनला पाणी कमी वाटतं आणि ती भरत राहते. नळी तुंबली तर जुना दाब आतच अडकतो, मशीनला टब भरलेला वाटतो, म्हणून दोन बादल्यांत धुणं सुरू. तुमची दोन्ही लक्षणं यात बसतात.

आपल्याकडं काळ्या पाषाणातल्या बोअरचं पाणी जड. त्यात पावडर नीट विरघळत नाही, तिचा साका होतो, आणि क्षार अन् धाग्यांबरोबर तो नेमका त्या कोठीच्या तोंडाशी बसतो.

टब पूर्ण रिकामा करा. प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही, आणि दहा मिनिटं थांबा. वरच्या पॅनलचे मागचे स्क्रू काढून पॅनल उचला. गोल डबीसारखा, तीन वायरींचा सेन्सर दिसेल. त्याची नळी क्लिप सरकवून काढा, ओढू नका, सेन्सरची नाळ तुटते. आता नळीत तोंडानं हळू फुंका. रिकाम्या टबात हवा सहज गेली पाहिजे. गालावर जोर आला तर तुंबलीय.

कपभर कोमट पाण्यात चमचाभर लिंबूसत्व विरघळवून मोठ्या सिरिंजनं नळीतून खाली सोडा. वीस मिनिटं ठेवा, मग साध्या पाण्यानं दोन-तीनदा. शेवटी फुंकून नळी आतून कोरडी करा. आत एक थेंब अडकला तरी पातळी चुकीची दाखवते.

ओहम (छत्रपती संभाजीनगर)
वरचं बरोबर. फक्त सेन्सर जोडलेला असताना टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरनं किंवा सायकलच्या पंपानं हवा मारू नका. ३० सेंटिमीटर पाण्याचा दाब म्हणजे जेमतेम ०.०३ बार (बार हे दाबाचं माप), स्कूटरच्या चाकात २ बारच्या आसपास असतो. आतला पडदा फाटतो आणि मग खरंच नवा सेन्सर घ्यावा लागतो.

भोक शोधायला नळी दोन्हीकडून काढा, एक टोक अंगठ्यानं दाबा, नळी बादलीत बुडवून दुसरीकडून फुंका. बुडबुडे आले की सापडलं. उंदरानं कुरतडलेली जागा वरून ओरखड्यासारखी दिसते आणि नेमकी तीच गळते. टबाला घासणारा भागही बघा. बदलताना तेवढ्याच आतल्या मापाची, तेवढ्याच लांबीची नळी घ्या. मिस्त्रीची लेव्हलची नळी लावतात काही जण, ती सैल बसते, आणि वरून फेव्हिक्विक लावलं तरी हवा धरत नाही. नळीला झोळ ठेवू नका, तिथं पाणी साचतं.

सेन्सरसाठी सॉकेट काढून कडेच्या दोन पिनांवर ओहम बघा. बऱ्याच मशीनमध्ये २० ते २५ च्या आसपास येतात. काहीच दाखवलं नाही तर आतली कॉइल तुटली. जुन्या यांत्रिक स्विचमध्ये फुंकल्यावर ‘टिक’ ऐकू येते, नव्यात येत नाही, तेव्हा आवाज नाही म्हणून मेला असं धरू नका. पिनांवर हिरवा थर असेल तर सॉकेट चार-पाचदा काढून घाला, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. चालू मशीनमध्ये मीटर घालून मोजायच्या फंदात पडू नका.

गोदाकाठ (नांदेड)
पॅनल उघडण्याआधी दोन फुकटच्या तपासण्या आहेत. पाणी येत असताना प्लग काढा. तरी पाणी आत येतच राहिलं तर वरचा इनलेट व्हॉल्व्ह (पाणी आत सोडणारी झडप) चिकटलाय, सेन्सरचा काही संबंध नाही. दुसरी, मशीन बंद ठेवून बादलीनं तीन बादल्या पाणी ओता, टबावर पेन्सिलनं खूण करा आणि पंधरा मिनिटांनी बघा. पातळी उतरली तर ड्रेन व्हॉल्व्हमध्ये (पाणी बाहेर सोडणारी झडप) धागा, पिन, नाणं असलं काहीतरी अडकलंय. सेन्सर बिचारा खरंच सांगतोय की पाणी कमी आहे.

‘पीई’ऐवजी ‘आयई’ आलं असतं तर गोष्ट वेगळी, तेव्हा पाण्याचा जोर बघतात. टाकी मशीनपेक्षा ३ मीटर वर असली तरी दाब ०.३ बारच. काही कंपन्यांत सेन्सरचा कोड १ई किंवा १सी असतो. १सीला एलसी वाचू नका, एलसी गळतीचा.

मांजराकाठची
प्लग काढल्यावर पाणी थांबतं, खूणही हलली नाही. नळीत फुंकलं तर हवा जातच नाही. लिंबूसत्वानंतरही थोडी अडते. कोठी खालून साफ करता येते का?

पान्हा-पक्कड
येते. मशीन भिंतीला टेकवून तिरकी करा, धरायला दुसरा माणूस लागेल. नळीचं खालचं टोक काढून कोठीच्या तोंडात केबल टाय घालून हलक्या हातानं फिरवा. तार नको, प्लास्टिक चिरतं. खपल्या निघतील, मग परत लिंबूसत्व.

आणि नळी परत जोडताना टब रिकामाच हवा. पाणी असताना जोडली तर मशीन त्या पाण्यालाच शून्य धरते आणि वरून तेवढंच आणखी भरते. बरेच जण इथंच चुकतात आणि मग कार्ड गेलं म्हणतात. एवढं करूनही कोड आला तरच सेन्सर, आणि कार्ड सगळ्यात शेवटी, तेही सॉकेटपासून कार्डापर्यंतच्या तिन्ही वायरी मीटरवर बघून.