मॉरिशसमध्ये ताजं अळू कुठल्या बाजारात? मदत हवी आहे

आई आणि मी ‘बेल मार’ या गावात उतरलोय, खोलीत स्वयंपाकघर आहे. काल पोर्ट लुईच्या सेंट्रल मार्केटमध्ये गेलो. व्हिक्टोरिया अननस झकास मिळाला, डोळे तिरके कोरून काढलेला, वर मीठ-मिरची. शेवग्याचा पालाही मिळाला. इथे त्याला ‘ब्रेद मुरूम’ म्हणतात. पण आईला फदफद्यासाठी हवं ते अळू, म्हणजे इथलं ‘ब्रेद सोंज’, दुपारपर्यंत पार कोमेजलं होतं; जुडी उचलली तर देठ लगेच मान टाकत होते.

आता रविवारी फ्लाकचा बाजार, सोमवारी माहेबूर्गचा. आईचे गुडघे दुखतात, बसनेच जायचंय, त्यामुळे एकच फेरी जमेल. सोमवारी रात्री विमान आहे, म्हणून मला फ्लाकच बरा वाटतो. तिथल्या मराठी मंडळींनो, ताजं, घशाला न खवखवणारं अळू मिळायला फ्लाकला किती वाजता पोचावं, आणि भाजीवाल्याला नेमकं काय विचारावं?