मेटल लगेच मोडीत काढू नका

एकांनी लिहिलंय की आता दातावर कॅप (टोपण) घ्यायची तर झिर्कोनियाचीच, म्हणजे दातासारख्या रंगाच्या मजबूत सिरॅमिकची. इतकं सरसकट नको हो. दात कुठला, जागा किती, झोपेत दात खाता का, यावर ते ठरतं.

माझी खालची शेवटची दाढ, रूट कॅनाल झालेली, मुळात बुटकी. तिथे मी चक्क पूर्ण धातूची कॅप बसवली. धातू पातळ चालतो, त्यामुळे दात कमी घासावा लागतो. दिसायचं म्हणाल तर जांभई दिल्याशिवाय कुणाला दिसत नाही!

पुढच्या दाताला मात्र मेटल-सिरॅमिक (आत धातू, वर सिरॅमिकचा थर) करून पस्तावलो. हिरडी जराशी वर सरकली आणि कडेला करडी रेघ उघडी पडली. नंतर टवकाही उडाला. आता तिथे लिथियम डायसिलिकेट (काचेसारखं एक सिरॅमिक) आहे, अगदी खऱ्या दातासारखं. पण त्याची ताकद साधारण ४०० मेगापास्कल (मजबुती मोजायचं एकक), नेहमीच्या झिर्कोनियाची १००० च्या घरात. म्हणून दाढांच्या ब्रिजला (शेजारच्या दातांच्या आधाराने पडलेल्या दाताची जागा भरतात तो) ते चालत नाही. आणि झिर्कोनियातही प्रकार आहेत: जास्त पारदर्शक तो कमी मजबूत. ब्रिजसाठी घेताना हे विचाराच.

झिर्कोनिया बसवताना निळा कागद चावायला लावून उंचवटे घासतात. त्यानंतर पॉलिश झालंय का, जीभ फिरवून बघा. खरखरीत राहिला तर समोरचा दात झिजतो.

खोट्या कानातल्यांनी कान चिघळत असतील तर ती निकेलची अ‍ॅलर्जी असू शकते; तेव्हा कॅपला निकेलवाला धातू नको, हे डॉक्टरांना आधीच सांगा.