मदत हवी आहे: लॅव्हेंडरचा अर्क काढला, पण वास कापरासारखा येतोय आणि तेल सुटत नाही

नमस्कार मंडळी,

मी पन्हाळा तालुक्यातल्या, गडाच्या पायथ्याच्या एका गावात राहते. थोडं लांबलचक लिहितेय, कारण अर्धवट सांगितलं तर सल्लाही अर्धवटच मिळेल.

आमचा ११ जणींचा बचत गट आहे. दिवाळीला उटणं करतो, एरवी साबण. गेल्या दोन वर्षांत लॅव्हेंडरचा साबण आहे का, अशी विचारणा सारखी व्हायला लागली. बाजारातलं स्वस्त 'लॅव्हेंडर ऑइल' आणून बघितलं, तर तो नुसता सेंट. आत सेंट घालायचा आणि वर फुलाचं चित्र छापायचं, हे आमच्यातल्या एकीलाही पटलं नाही. म्हणून ठरवलं की आपणच लावू आणि आपणच अर्क काढू. प्रत्येकीनं २,००० रुपये घातले, २२,००० जमले. जागा आमची, घरामागच्या चढावरची ३ गुंठे.

दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात बाहेरगावच्या एका रोपवाटिकेतून ६० रुपयांना एक अशी २०० रोपं आणली. 'काश्मिरी लॅव्हेंडर' म्हणून दिली. माती तांबडी, जांभ्याची. तपासून घेतली तर सामू (पीएच) ५.८ आला. उसाला करतो तशी सरी पाडली, रोपं सरीच्या पोटात लावली, बुडाला पाचटाचं आच्छादन दिलं. हिवाळाभर रोपं चांगली होती, थोडा फुलोराही आला. मग पाऊस सुरू झाला. आमच्याकडचा पाऊस कोल्हापूर शहरासारखा नाही, जुलैत आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. पानं आधी करडी, मग काळी पडली. खोड बुडाशी धरून हलवलं की रोप हातात यायचं, मुळं कुजून मऊ झालेली. घाबरून वर शेडनेट टाकलं, तरी मर थांबली नाही. दसऱ्याला मोजली तर ४१ रोपं उरली होती.

त्या ४१ रोपांनी मात्र यंदा हिवाळ्यात जीव धरला. गुडघ्याएवढी झुडपं झाली आणि जानेवारी-फेब्रुवारीत फुलली. देठांसकट २ किलो ७०० ग्रॅम फुलं निघाली. शेवटची पाटी तोलली तेव्हा आम्ही सगळ्या तिथंच उभ्या होतो. एवढा आनंद साबणाच्या पहिल्या ऑर्डरलाही झाला नव्हता.

आता भांड्याचं सांगते. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमधून स्टीलचं २० लिटरचं भांडं करून घेतलं, झाकणातून तांब्याची नळी, ती वेटोळी करून प्लॅस्टिकच्या बादलीतल्या पाण्यातून बाहेर काढलेली. ९,५०० रुपये लागले. आमचं गुऱ्हाळ होतं, ते बंद होऊन ४ वर्षं झाली, पण चुलवाण शाबूत आहे. तिथंच भांडं चढवलं आणि चिपाडाचा जाळ लावला. पहिल्या खेपेला दीड किलो, दुसऱ्या खेपेला उरलेली फुलं, थेट पाण्यातच घातली. झाकणाच्या कडेला कणीक लावली. मामा (माझे सासरे) बाजूला बसून बघत होते. ४० वर्षं गुळव्याचं, म्हणजे काहिलीत गूळ शिजवायचं काम केलेला माणूस. ते एकच वाक्य बोलले, "काहिलीला जाळ लागतो, ह्याला धग लागत असंल." तेव्हा मी लक्ष दिलं नाही.

वीस मिनिटांत बादलीतलं पाणी हात घालवेना इतकं तापलं. नळीतून पाण्याबरोबर वाफही यायला लागली. दुसऱ्या खेपेला करपट वास आला, भांडं उघडलं तर तळाला फुलं चिकटलेली. दोन्ही मिळून ४ लिटर पाणी निघालं, दुधाळ रंगाचं. वर तेलकट तवंग आहे, पण वेगळं काढावं एवढं तेल कुठंच नाही. वास कापूर आणि निलगिरीच्या तेलाच्या मधला. बाहेरून कुणी विकत आणलेली लॅव्हेंडरची बाटली हुंगली तर हे तेच फूल आहे असं वाटत नाही.

ते पाणी १०० मिलीच्या बाटल्यांत भरून सगळ्यांना एकेक दिली. तीन आठवड्यांत सहा बाटल्यांत पांढरे धागे दिसायला लागले.

मला कळत नाही की चूक रोपात आहे, भांड्यात, की जागेतच. भांडं बदलायचं म्हटलं तर पैसे परत गोळा करावे लागतील, आणि यात काही अर्थ आहे का हे आधी कळल्याशिवाय मी बायकांपुढं हात पसरणार नाही. ज्यांनी स्वतः अर्क काढलाय किंवा लॅव्हेंडर लावलंय त्यांनी कृपया लिहा. परखड लिहिलंत तरी चालेल.

प्रतिसाद, आजऱ्याहून

ताई, आधी एक सांगा. पानाची कड कशी आहे? सरळ आहे की दातेरी? आणि फुलाच्या कणसाच्या टोकाला जांभळ्या पाकळ्यांसारखा छोटा तुरा आहे का?

धागाकर्ती

आत्ता बॅटरी घेऊन बघून आले. कड दातेरी आहे, बारीक करवतीसारखी. टोकाला छोटा तुराही आहे.

प्रतिसाद, आजऱ्याहून

मग निम्मं उत्तर मिळालं. तुमच्याकडं आहे ती लॅव्हेंड्युला डेंटाटा. तीही लॅव्हेंडरच, पण साबणात आणि अत्तरात जिचं नाव चालतं ती लॅव्हेंड्युला अंगुस्टिफोलिया. तिची पानं अरुंद आणि कड सरळ असते. डेंटाटाच्या तेलात सिनिओल आणि कापूर जास्त असतो. सिनिओल हाच निलगिरीच्या तेलाचाही मुख्य घटक, म्हणून तुमचं नाक अगदी बरोबर सांगतंय. तुमचा अर्क बिघडला म्हणून असा वास येत नाही, त्या झाडाचा वासच तो आहे. थंडी न लागताही ती फुलते, म्हणून आपल्याकडच्या रोपवाटिकांत हीच जास्त दिसते.

अंगुस्टिफोलियाला भरघोस फुलायला खरी थंडी लागते. जम्मूच्या डोडा जिल्ह्यातल्या भदरवाहला सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेच्या अरोमा मिशनमधून (सुगंधी पिकांची योजना) शेतकऱ्यांनी जी लॅव्हेंडरची शेती उभी केली, ते ठिकाण सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे आणि हिवाळ्यात तिथं बर्फ पडतो. कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास. तुमचा पायथा थोडा वर असेल, तरी तिथली थंडी आणि कोरडी हवा इथं येणार नाही. ३ गुंठ्यांतून साबणापुरतं तेल निघेल असं मी तरी म्हणणार नाही.

आणखी एक, पुढं फसू नये म्हणून. 'ग्रोसो' नावाचं बी कुणी विकत असेल तर घेऊ नका. ग्रोसो हा लॅव्हँडिन, म्हणजे दोन जातींचा संकर. त्याला बी धरत नाही, तो फाटे कलमानंच वाढवतात.

मरीचं म्हणाल तर सरीच्या पोटात पाणी थांबतं. ऊस ते सोसतो, लॅव्हेंडर सोसत नाही. रोप वरंब्यावर हवं, तोही फूटभर उंच. पाचट तर अगदी नको, बुडाशी ओल धरून ठेवतं. त्याऐवजी बारीक खडी पसरा. शेडनेट काढा, त्यानं आतली हवा कोंडते. सामू ५.८ म्हणजे माती आंबट, ह्या झाडाला ६.५ ते ८ लागतो, चुना द्यावा लागेल. तरीही तुमची ४१ झुडपं एक पावसाळा काढून उभी आहेत, ह्याचं मला कौतुक वाटतं.

प्रतिसाद, इचलकरंजीहून

मी रसायनशास्त्र शिकवतो आणि हौसेनं वाळा, गवती चहा यांचे अर्क काढतो. भांड्याबद्दल लिहितो. नवीन घेऊ नका, आहे ते दुरुस्त होईल.

फुलं पाण्यात शिजवू नका. मोदकपात्र आठवा: खाली पाणी, मध्ये जाळी, वर मोदक. तसंच इथं करायचं. तळापासून चार-पाच इंचांवर स्टीलची भोकांची चकती बसवून घ्या, उद्यमनगरात थोडक्यात होईल. चांगल्या लॅव्हेंडरच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचं, कारण त्याच्या वासाचा गोडवा बऱ्याच अंशी तेलातल्या लिनॅलिल अ‍ॅसिटेट या घटकामुळं असतो आणि उकळत्या पाण्यात ते तुटत जातं. शिवाय तळाला काही लागणार नाही, म्हणजे करपणंही गेलं. माल भरताना दाबून भरू नका आणि पोकळही सोडू नका. पोकळ राहिला की वाफ एकाच बाजूनं वाट काढते आणि उरलेला माल तसाच राहतो.

दुसरं म्हणजे बादली. तुमचं तेल बऱ्याच अंशी इथं गेलं. नळीतून येणारं पाणी कोमटाच्या पुढं जाता कामा नये. वाफ बाहेर पडतेय म्हणजे तेल हवेत चाललंय, आणि गरम पाण्यात तेल नीट वेगळं होत नाही, दुधाळ राहतं. टाकीचं गार पाणी पाइपानं बादलीच्या तळाशी सोडा आणि वरच्या कडेजवळ भोक पाडून गरम पाणी बाहेर जाऊ द्या. गरम पाणी वर येतं, म्हणून दिशा हीच हवी.

तुमच्या मामांचं वाक्य लाखमोलाचं आहे. चिपाडाचा जाळ भडकतो आणि बसतो. लाकडाचे निखारे किंवा गॅसची शेगडी घ्या. नळीतून थेंबांची बारीक अखंड धार आली की आच बरोबर.

कणीक लावलीत ते उत्तम. आत दाब वाढला तर आधी कणीक फाटते, तोच तुमचा सुरक्षा व्हॉल्व्ह. झाकण स्क्रूनं आवळून घट्ट करू नका आणि नळीचं तोंड फुलांनी बुजत नाही ना, हे दर वेळी बघा.

हिशोबही सांगतो. अंगुस्टिफोलियाच्या १ किलो ताज्या फुलांतून साधारण ५ ते १० मिली तेल निघतं. तुमच्या मालात देठ होते आणि जातही वेगळी, तेव्हा सगळं नीट झालं असतं तरी जेमतेम चमचा-दोन चमचे मिळाले असते. आणि एवढ्या फुलांतून ४ लिटर पाणी काढणं म्हणजे चांगलं गुलाबपाणी साध्या पाण्यात मिसळण्यासारखं. माल जेवढे किलो, साधारण तेवढेच लिटर काढा आणि थांबा.

बाटल्यांबद्दल मात्र परखडच लिहितो. धागे म्हणजे बुरशी. सहाच नाही, त्या खेपेच्या सगळ्याच बाटल्या ओतून द्या, कुणाच्या चेहऱ्याला लावू देऊ नका. ह्या अर्काच्या पाण्यात टिकवणारं काही नसतं. पुढच्या वेळी बाटल्या उकळून कोरड्या करा, गडद काचेच्या घ्या, काठोकाठ भरा, फ्रिजमध्ये ठेवा. विकायचा विचार असेल तर सौंदर्यप्रसाधनाला अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो, साबणालाही. ते आधी बघून घ्या.

प्रतिसाद, कोल्हापूर शहरातून

गच्चीवर चार कुंड्यांत अंगुस्टिफोलिया आहे. मातीची कुंडी, निम्मी जाड वाळू आणि खडी, पावसाळ्यात पत्र्याखाली. जगते, पण फुलं मोजकीच. हौस म्हणून ठेवा, धंदा म्हणून नको. आणि लॅव्हेंडरची एक रानटी जात, लॅव्हेंड्युला बायपिन्नाटा, आपल्या सह्याद्रीतच आहे. पावसानंतर गडाच्या उतारांवर जांभळ्या-निळ्या फुलांची दिसली तर बघून या, उपटू मात्र नका.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. पाच दिवस गप्प होते, कारण सांगितलंत ते करून बघत होते.

जाळी बसवून आणली. बादलीला भोक पाडून टाकीचा पाइप तळाशी सोडला. लॅव्हेंडरची फुलं आता नाहीत, म्हणून बांधावरचा गवती चहा कापला, एक दिवस सावलीत सुकवला, बारीक चिरून ४ किलो भरला. आच मामांच्या हातात दिली. त्यांनी चुलवाणात जाळ घातलाच नाही, बाभळीचे निखारे ओढून ओढून धग धरली आणि अडीच तास जागचे हलले नाहीत. बाटलीच्या गळ्यात पिवळं तेल वर येऊन थांबलं, खाली स्वच्छ पाणी. मापलं तर साधारण १५ मिली. आत्तींनी (सासूबाईंनी) बोट बुडवून हुंगलं आणि म्हणाल्या, आता हे कुणाला सांगावं लागणार नाही कशाचं आहे ते.

काल गटाची बैठक घेतली आणि धागा सगळ्यांना वाचून दाखवला. रोप चुकीचं आलं हे कळल्यावर एक-दोघी चिडल्या, ते साहजिक होतं. पण भांडं वाया गेलं नाही हे तेल बघून पटलं. ३ गुंठ्यांत पावसाआधी गवती चहा लावायचा, साबणही त्याचाच करायचा आणि नाव तेच लिहायचं असं ठरलं. परवान्याची चौकशी करायला दोघी सोमवारी जाणार आहेत. ४१ झुडपं मी काढणार नाही. ती वरंब्यावर घेऊन चुना देते, फुलांवर मधमाश्या येतात एवढं मला पुरे.

अजून एक विचारायचं राहिलं. गवती चहाचं उरलेलं पाणी साबणाच्या लायमध्ये (कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात) घातलं तर वास टिकतो का? कुणी केलं असेल तर सांगा.

शेडनेट आज उतरवलं. बाटल्या सगळ्या परत आल्या आणि ओतून दिल्या, एक सोडून. ती एका वहिनींच्या मुलीबरोबर पुण्याला गेलीय. तिला आत्ताच फोन करते.