गोल्ड कार्ड टिकवायला पदरमोड करून दिल्लीच्या फेऱ्या माराव्यात का?

चिकलठाण्याचा प्रवासी (धागाकर्ता)

मंडळी, एक निर्णय अडलाय आणि घरात त्यावरून दोन तट पडलेत. मी संभाजीनगरजवळच्या वाळूजमधल्या एका ऑटो पार्ट्सच्या कारखान्यात क्वालिटी बघतो. गेली चार वर्षं दरवर्षी पाच-सहा वेळा जर्मनीला, शिवाय चेन्नई, दिल्ली. एवढं फिरून एअर इंडियाचं गोल्ड कार्ड हाती आलं. ठरावीक पॉइंट जमवणाऱ्या नेहमीच्या प्रवाशांना ते मिळतं, आणि स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या जागतिक गटात सगळीकडे चालतं. यंदा परदेशच्या फेऱ्या घटल्या, कारण निम्मी ऑडिट्स व्हिडिओ कॉलवरच उरकतात. मार्चअखेर कार्डाची मुदत संपतेय आणि थोडे पॉइंट कमी पडतायत. दोनदा मुंबई-दिल्ली-मुंबई केलं तर भरतील असा अंदाज आहे. दिल्लीत काम काहीच नाही. उतरायचं, दोन तास बसायचं, परतीच्या विमानात चढायचं. खर्च तीस हजारांच्या आसपास, तोही माझ्या खिशातून.

माझा कल टिकवण्याकडे आहे. चार दिवस फाउंड्रीत उभं राहून फ्रँकफर्टला आलो की परतीच्या विमानाआधी विमानतळावरच्या सेनेटर लाउंजमध्ये, म्हणजे कार्डवाल्यांच्या खास विश्रांतीकक्षात, अंघोळ होते, गरम सूप मिळतं, आणि इकॉनॉमीच्या सीटवरची रात्र माणसासारखी जाते. एअर इंडिया जुलै २०१४ मध्ये स्टार अलायन्समध्ये गेली, म्हणून आपल्यासारख्यांना इथल्या कार्डावर तिथे ही सोय मिळते. बायको म्हणते, अंघोळीला तीस हजार? तुम्ही काय म्हणाल?

वाळूज प्लॉटवाला

साहेब, वहिनींचं बरोबर आहे, आणि तुमचा हिशेबही पुन्हा तपासा. विमानात जास्त बसलं की पॉइंट जास्त, हे दिवस गेले. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्ये आपला असा कार्यक्रम सुरू केला तेव्हा मैल मोजायचे. पुढे डेल्टा, युनायटेड २०१५ मध्ये मैलांवरून पैशांवर आल्या, आणि एअर इंडियाने एप्रिल २०२४ पासून अंतर सोडून भाड्यावर पॉइंट द्यायला सुरुवात केली. म्हणजे स्वस्तातलं तिकीट काढून दिल्ली गाठाल तर हाती फार थोडं लागेल. आता कंपनीला तुमचा प्रवास नको, तुमचं बिल पाहिजे.

दुसरं जरा कडू आहे, पण बोलतो. माझं छोटं युनिट आहे, सतरा माणसं. प्रवासाच्या बिलांवर सही मीच करतो. सकाळचं स्वस्त विमान सोडून माणूस दुपारचं साडेचार हजारांनी महाग विमान घेतो आणि कारण लिहितो "मीटिंगची वेळ". खरं कारण त्याच्या पाकिटातलं कार्ड असतं. पैसे माझे, पॉइंट त्याचे. मी कुणाला चोर म्हणत नाही. पण ही कार्डं अशाच माणसांसाठी काढलीत जे तिकीट निवडतात आणि पैसे दुसरा भरतो. तुम्ही पहिल्यांदाच स्वतःच्या खिशातून भरायला निघालात आणि लगेच प्रश्न पडला, हे ध्यानात घ्या.

आणि जेट एअरवेज आठवा. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री तिचं शेवटचं विमान अमृतसरहून मुंबईला उतरलं. लोकांचे पॉइंट वाचले, कारण तो कार्यक्रम वेगळ्या कंपनीत होता आणि त्यात अबुधाबीच्या एतिहाद एअरलाइनचा निम्म्याहून जास्त हिस्सा होता. पण गोल्डच्याही वरच्या प्लॅटिनम कार्डाचा मान ज्या काउंटरवर चालायचा, तो काउंटरच उठला.

गोदाकाठची

प्लॉटवाले दादा, एक कंपनी बुडाली म्हणून सगळंच बुडीत खातं कसं? विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा तिच्या क्लब विस्तारा कार्यक्रमातले पॉइंट एअर इंडियाच्या कार्यक्रमात आलेच की.

मी नांदेडची, वैद्यकीय उपकरणांचं प्रशिक्षण देते, महिन्यातून तीनदा तरी विमान. कार्ड माझंही गोल्ड आहे. लाउंजचं मला फार कौतुक नाही, तिथे पोहे गार असतात आणि बसायला जागा नसते. मी ते ठेवते बॅगेसाठी. स्टार गोल्डला जिथे वजन मोजतात तिथे वीस किलो जास्त मिळतं, जिथे नग मोजतात तिथे एक बॅग जास्त. मुलगी म्यूनिकला शिकते. आम्ही नांदेडहून गाडीने शमशाबादला, हैदराबादच्या विमानतळावर जातो, कारण जानेवारी २०२४ पासून स्टार अलायन्समधल्याच लुफ्थान्साचं विमान तिथून थेट फ्रँकफर्टला जातं, मुंबईचा फेरा वाचतो. गेल्या खेपेला त्या जादा बॅगेत मालदांडी ज्वारीचं पीठ, येसर (आमटीसाठीचं भाजलेल्या धान्य-मसाल्यांचं पीठ), जवसाची चटणी, काळा मसाला आणि करडईच्या तेलाचे दोन डबे होते, डब्यांना तीन-तीन पिशव्या आणि वर जुनी नऊवारी गुंडाळलेली. तूप घरीच ठेवलं, युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ नेऊ देत नाहीत. काट्यावर बॅग २२.८ भरली. काउंटरवरच्या पोरीने काही न विचारता टॅग लावला. ज्वारीचं पीठ परदेशी दुकानात मिळतं, हे मला माहीत आहे. येसर मिळत नाही. लेकराने पहिल्या दिवशी येसर आमटी केली आणि पातेल्याचा फोटो पाठवला.

परभणीचा रहिवासी

गोदाकाठच्या ताईंशी सहमत, पण माझं कारण वेगळंय. दोन वर्षांमागं जानेवारीत आई दवाखान्यात होती आणि मी दिल्लीत अडकलेलो. धुकं. विमान रद्द. काउंटरसमोर दीडशे माणसं, फोन लागत नाही. कार्डावरच्या वेगळ्या नंबरवर सात मिनिटांत माणूस बोलला आणि त्यानं हैदराबादमार्गे सीट दिली. रात्रीतून गाडी करून पहाटे परभणीत. आई मला बघून बोलली. तिसऱ्या दिवशी गेली. तीस हजार काय, मी तीन लाख दिले असते. एवढंच सांगायचं होतं.

देवगिरी एक्स्प्रेस, खालचा बर्थ

परभणीकर दादा, तुमच्या दुःखापुढे वाद घालत नाही. तुम्ही पोहोचलात, हे चांगलं झालं. पण धागाकर्त्यांना हे सांगितलं पाहिजे की सीट असेल तरच कार्ड ती मिळवून देतं. डिसेंबर २०२५ मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांमुळे इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. विमानतळांवर माणसं रात्ररात्र बसून होती, तिथे कुणाच्या कार्डाने विमान उभं राहिलं नाही. इंडिगो तर कुठल्याच अलायन्समध्ये नाही, म्हणजे आपल्या चिकलठाणा विमानतळावरून तिच्या विमानात बसलात की तुमचं गोल्ड खिशातच राहतं.

आणि जे हक्काचं आहे ते कार्डाशिवायही मिळतं. विमानाला सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल तर पर्यायी विमान किंवा पूर्ण पैसे परत, हा डीजीसीएचा, म्हणजे सरकारच्या विमान वाहतूक नियामकाचा, नियम सगळ्या प्रवाशांना आहे. दोनपाचशे लोकांच्या रांगेत किती जणांना तो माहीत असतो? मी छापील कागद बॅगेत ठेवतो आणि काउंटरवर पुढे करतो. दोनदा उपयोग झालाय.

धागाकर्ते साहेब, तुमच्या लिहिण्यात एक आकडा नाही, तो मी विचारतो. हे कार्ड मिळवायला चार वर्षांत किती रात्री घराबाहेर काढल्या? माझं प्लॅटिनम होतं. डायरी काढून मोजलं तर एका वर्षात एकशे बारा रात्री. मुलगा त्या वर्षी दहावीला होता. त्यानंतर मी बदली मागून घेतली. आता मुंबईचं काम असलं की रात्री देवगिरीत बसतो, सकाळी तिथे. घाई असेल तर वंदे भारत आहे, डिसेंबर २०२३ मध्ये जालन्याहून सुरू झाली, आता नांदेडहून निघते. त्या रात्री कामासाठी घराबाहेर गेल्या, निदान पगार तरी मिळाला. तुम्ही मात्र बिनकामाचे दोन दिवस वर देणार आहात.

परभणीचा रहिवासी

नियमाचा कागद मलाही माहीत होता. पण पैसे परत मिळून मी परभणीत पोहोचलो नसतो.

वाळूज प्लॉटवाला

हे मान्य. परभणीकरांचं उदाहरण खोडता येणार नाही. पण वेगळ्या नंबरवरचा माणूस ही सोय सगळ्यांना का नाही, हा राग माझ्या मनात राहतो. त्या दीडशे जणांत आणखी कुणाची आई दवाखान्यात असेल.

आणखी एक, समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला तेव्हापासून माझे निम्मे ग्राहक मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानासाठी इथून गाडीनेच निघतात. चिकलठाणा ते मुंबई हा टप्पाच गळाला, त्याचे पॉइंटही गेले. पुढच्या वर्षी तुम्हाला आणखी जास्त कमी पडतील साहेब. मग तेव्हा दिल्लीच्या चार फेऱ्या मारणार का?

चिकलठाण्याचा प्रवासी (धागाकर्ता)

प्लॉटवाले दादांनी सांगितलं म्हणून काल रात्री पॉइंट पुन्हा मोजले. स्वस्त भाड्यात दोन फेऱ्यांनी भागत नाही, तीन लागतात, आणि तिसरीला सुट्टीही काढावी लागेल. देवगिरीवाल्या दादांनी विचारलेल्या रात्रीही मोजल्या. चार वर्षांत तीनशे चाळीस. बायकोला आकडा सांगितला, ती काही बोलली नाही.

मी दिल्लीला जात नाही. कार्ड मार्चपर्यंत आहे, फेब्रुवारीत श्टुटगार्टची एक फेरी ठरलीय, तेवढी त्यावर करतो. पुढं जादा बॅग लागली तर पैसे भरून नेईन. परभणीकर दादा, तुमचा प्रतिसाद वाचून मी बराच वेळ थांबलो होतो. माझे आईवडील इथंच, सिडकोत, माझ्याजवळ राहतात. ते गावी असते तर कदाचित उलटं ठरवलं असतं.

गोदाकाठची

तुमचं तुम्हाला पटलं ना, बास. मी मात्र माझं टिकवणार. जूनमध्ये परत जायचंय, मुलीने यंदा पाच किलो पीठ सांगितलंय. आता दळून ठेवलं तर ज्वारी कडू होते, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी गिरणीवाल्याला सांगून ठेवलंय.