मॅपमध्ये नगांची बेरीज चुकतेय

प्रश्न (बेळगाव): खडेबाजारातल्या मिठाईच्या दुकानाची विक्री जावा या प्रोग्रामिंग भाषेत मोजायची आहे. यादी: कुंदा 2, खोबऱ्याची वडी 3, कुंदा 5, खोबऱ्याची वडी 1. ओळ साधी, मॅप.पुट(नाव, नग); मॅप म्हणजे नाव आणि आकडा यांच्या जोड्यांचा साठा. कुंदा 7 हवा, 5 येतो. वडी तर दोनदा दिसते, 3 आणि 1. साइझ() 3 सांगतं.

निपाणीकर: पुट बेरीज करत नाही हो, त्याच कीवरचा (इथे नावावरचा) जुना आकडा पुसून नवा ठेवतं. मॅप.मर्ज(नाव, नग, इंटिजर::सम) लिहा, ते जुन्यात नवा आकडा मिळवतं; जावा 8पासून आहे. साइझ() म्हणजे कींची संख्या, नगांची नव्हे.

खानापूरकर: वडीचं दुखणं वेगळं. काही कीबोर्ड ‘ऱ्य’साठी ऱ, हलन्त, य देतात, काही र, हलन्त, अदृश्य जोडक (युनिकोड क्रमांक 200डी), य. दिसायला एकच, दोन मजकूर सारखे का, हे तपासणारं इक्वल्स() मात्र फॉल्स (नाही) सांगतं. दोन्ही कींची लेंग्थ(), म्हणजे चिन्हांची संख्या, छापा, 13 आणि 14 येईल.

प्रश्नकर्ता: 13, 14च आली! नॉर्मलायझर एनएफसी (एकाच अक्षराची वेगळी युनिकोड रूपं एकसारखी करणारं) लावलं, फरक नाही.

खानापूरकर: एनएफसी ते जोडक काढत नाही. नुसतं उडवलंत तर ‘र्य’ होईल. मर्जआधी रिप्लेसने ‘र, हलन्त, जोडक’च्या जागी ‘ऱ, हलन्त’ घाला. 14 शेवटच्या स्पेसनेही येतं, म्हणून त्याआधी कडेच्या स्पेस काढणारं स्ट्रिप().